बीपी हाय, भूक हाय

संपादकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या क्षेत्रातलं काहीतरी प्रेरणादायी लिहा. दिवाळी आहे." मी म्हटलं, माझं क्षेत्र म्हणजे अंडाशयाचा कर्करोग, तोही एकदा बरा होऊन पुन्हा उलटलेला. ते म्हणाले, "हरकत नाही, शेवट गोड करा म्हणजे झालं." यांना लेख हवाय की करंजीचं सारण, ते मला अजून कळलेलं नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण निवृत्त बाईकडे कुणी काही मागितलं की तिला नाही म्हणवत नाही.

तर मी नर्स. जन्म भिवंडीतला, सासर भिवंडीतलं आणि नोकरीही भिवंडीतल्याच एका कॅन्सर हॉस्पिटलात. वॉर्डात पंचवीसेक वर्षं काढल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला खुर्चीतलं काम दिलं. औषधांच्या चाचण्यांची को-ऑर्डिनेटर, कागदोपत्री "समन्वयक". "सिस्टर, बसून करायचं आहे, फक्त कागद," असं ते म्हणाले. ते "फक्त" मी पुढची नऊ वर्षं भोगलं.

"मी लशीच्या चाचणीवर काम करते," असं सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायका लगेच नातवंडांची कार्डं काढायच्या. कुणाचा गोवर राहिलेला, कुणाचा पोलिओ. कॅन्सरची लस म्हटलं की म्हणायच्या, "मग आमच्या सुनेला देऊन ठेवा की आधीच." मी सांगायचे, ही लस आधी द्यायची नाही, आजार होऊन गेलेल्या बाईला द्यायची. यावर आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर कुकर लावायचा?" त्यांना मी त्या दिवशी चहा दिला नाही.

पण वाचकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून त्यांना नीट सांगते. अंडाशयाचा कर्करोग हा मोठा लबाड आजार. बाईला वाटतं गॅसेस झालेत, आणि सहा महिने ती ओवा खात बसते. मग कळतं, ऑपरेशन होतं, किमोथेरपी होते, आजार शांत होतो. घरी सत्यनारायण होतो. आणि वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ जणींचा तो परत येतो. पुन्हा किमो, पुन्हा शांत. आता तिसऱ्यांदा तो येणार हे डॉक्टरांना ठाऊक असतं, बाईलाही ठाऊक असतं, फक्त कधी ते ठाऊक नसतं. आमची लस त्या "कधी"साठी होती. शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या पेशींची ओळख पटवून द्यायची, म्हणजे पुन्हा उगवायला लागल्या की ते धरतील, आणि आजाराचं येणं लांबेल. बरं करायचा दावा कुणीच केला नव्हता. लांबवणं, एवढंच.

आता ती लांबवते की नाही हे कळणार कसं? निम्म्या बायकांना लस द्यायची, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते बाईला कळू द्यायचं नाही, डॉक्टरला नाही, मला तर नाहीच नाही. कॉम्प्युटर ठरवणार. सिरिंजलासुद्धा बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली, आतला रंग दिसू नये म्हणून. मग सगळ्यांनी मिळून आजार परत यायची वाट बघायची, आणि आला की तारीख लिहायची. आमचं सगळं शास्त्र त्या तारखेवर उभं होतं. माझ्या धंद्याचं यापेक्षा सभ्य वर्णन मला जमत नाही.

पडघ्याकडचे एक शेठ बायकोला घेऊन यायचे. वडिलोपार्जित भातशेतीवर गोडाऊनं बांधलेली, बोटांत अंगठ्या, आणि जगात प्रत्येक गोष्ट ओळखीनं होते यावर श्रद्धा. मी त्यांना समजावलं की कोणाला लस मिळेल ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो.

"कुणाच्या ओळखीतला हाय तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कॉम्प्युटर."

पुढच्या खेपेला ते खरोखरच कुठल्याशा भाऊंचं शिफारसपत्र घेऊन आले: सदर महिला आमच्या परिचयातील असून तिला खऱ्या औषधाचा लाभ मिळावा. मी ते फाइलला लावलं, कारण नियमाप्रमाणे आलेला प्रत्येक कागद जपायचा असतो. मग लस बनवणाऱ्या कंपनीच्या तपासनिसानं त्याचं इंग्रजी भाषांतर मागितलं, तेही मीच केलं. इंजेक्शननंतर दोन दिवसांनी शेठ बायकोचा दंड बघायचे. लाल असला तर मला आंब्यांची पेटी. लाल नसला तर फोन करून म्हणायचे, "सिस्टर, या बारीला पाणी मारलं ना?" ती बाई आत तपासायला गेली की हे बाहेर बाकावर तिच्या चपला स्वतःच्या पायांशी नीट जोडून ठेवून बसायचे. त्यामुळे त्यांच्यावर फार चिडता यायचं नाही.

आणि ते संमतीपत्र. बाईला सगळं समजावून तिची सही घ्यायची, सही येत नसेल तर अंगठा, शेजारी त्रयस्थ साक्षीदार, समोर व्हिडिओ कॅमेरा. उत्तम पद्धत आहे, मी थट्टा करत नाही. थट्टा त्यातल्या मराठीची. इंग्रजी कागदाचं मराठी कंपनीनं कुठून करून आणलं होतं देव जाणे. चाचणीत भाग घेणाऱ्या बाईला त्यात "विषय" म्हटलेलं, "सब्जेक्ट"चं मराठी म्हणून. "विषयास मळमळ झाल्यास विषयाने तपासकर्त्यास कळवावे." चाचणीच्या दोन गटांना इंग्रजीत "आर्म" म्हणतात, म्हणून इथं "हात". "विषयास दोनपैकी एका हातात टाकण्यात येईल." मी दुरुस्ती सुचवली. उत्तर आलं की भाषांतर प्रमाणित आहे, बदलता येणार नाही.

हे वाक्य मी बायजाबाईला कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलं, तेव्हा तिनं शांतपणे डावा हात पुढे केला. "ह्यो घे. उजवा कामाचा हाय."

बायजाबाई अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात भातलावणी, एरवी मिळेल ते मजुरीचं काम. नवरा नाही, मुलगा टेम्पो चालवायचा, घरात सून. दोनदा आजार येऊन गेलेला, दोनदा किमो झालेली, आणि दुसऱ्यांदा डोक्यावर उगवलेले केस पहिल्यापेक्षा कुरळे आले म्हणून खूश. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहानच असेल, पण हॉस्पिटलच्या रिवाजाप्रमाणे मी तिला "मावशी" आणि "तुम्ही" म्हणायचे, आणि ती मला "बाय" आणि "तू". व्हिडिओ काढणार कळल्यावर ती नवं लुगडं नेसून आली होती आणि पूर्ण वेळ कॅमेऱ्याकडे बघत होती. कंपनीनं शेरा मारला की विषय समन्वयकाकडे बघत नाही.

तिला मी एकच विचारलं होतं, कागद बाजूला ठेवून. मावशी, तुम्हाला यात का यायचंय? पाणीही मिळू शकतं, हे कळलंय ना?

"कललं की," ती म्हणाली. "तिसऱ्या बारीला येल तवा येल. तवर कुनीतरी बघत र्‍हाईल ना माज्याकडं."

तिला ही चाचणी सोडायची नव्हती, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. ती समुद्रापलीकडून विमानानं यायची, मुंबईत उतरायची, तिथून कुरियरच्या दापोड्याच्या गोडाऊनमध्ये आणि तिथून आमच्याकडे. एकदा खोका आलाच नाही. कॉम्प्युटर म्हणे, पोचला. मी रिक्षा करून दापोड्याला गेले. ज्यांनी दापोडे बघितलेलं नाही त्यांना सांगते, तिथं तुमच्या घरातली प्रत्येक वस्तू तुमच्या आधी राहून आलेली असते. तीन गोडाऊनं फिरले. चौथ्यात, मिक्सरच्या खोक्यांच्या थप्पीवर, पत्र्याच्या खिडकीशी भर उन्हात आमची लस. मी मुकादमाला विचारलं, यावर "ठंडे में रखें" असं लिहिलंय ते दिसलं नाही का?

"दिखा ना मॅडम," तो म्हणाला. "लेकिन नीचे सीलन थी. भीग जाता तो?"

इतक्या काळजीनं कुणी काही बिघडवलं की शिव्याही देता येत नाहीत. आतल्या यंत्रानं एकतीस अंश दाखवले. सगळा खोका रीतसर नष्ट केला, तीन सह्यांनी. अर्धी पृथ्वी ओलांडून सुखरूप आलेली लस भिवंडी तालुक्यात गचकली. नवा खोका यायला वेळ लागला आणि त्यात बायजाबाईचा एक डोस हुकला. नियम असा की सुरुवातीच्या, दर महिन्याला द्यायच्या डोसांपैकी एक हुकला तर चालतो, दोन हुकले की बाई चाचणीबाहेर. पुढचा डोस हुकायला नको, असं मी कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवलं.

नेमक्या त्याच वेळी कंपनीला सुचलं की बायकांची विचारपूस आम्ही करतो ती पुरेशी नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या एका कॉल सेंटरला काम दिलं. दर आठवड्याला फोन, ठरलेले प्रश्न, उत्तर ऐकून तिथंच इंग्रजीत कॉम्प्युटरमध्ये भरायचं. फोन करणाऱ्याला हिंदी येत होती, मराठी नव्हती, आणि आमच्याकडच्या पाड्यांची मराठी तर नाशिकच्या माणसालासुद्धा झेपत नाही.

डोसच्या तीन दिवस आधी मला मेल आला. लाल अक्षरांत. बायजाबाईचा डोस थांबवा, तिची प्रकृती गंभीर असण्याची शक्यता आहे. सोबत फोनवरची उत्तरं. ताप: नाही. रक्तदाब: हाय. भूक: हाय. झोप: हाय. शौच: हाय.

मी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकून पोट दुखेपर्यंत हसले. आमच्याकडे आहेला "हाय" म्हणतात. बीपी आहे का? हाय. गेली कित्येक वर्षं गोळी चालू आहे, आमच्या फाइलीत नोंद आहे. भूक? हाय. झोप? हाय. पोट साफ? हाय, बाबा, हाय. त्या माणसानं इमानदारीत सगळीकडे इंग्रजी "हाय" ठोकलं होतं. कंपनीच्या कुणा तज्ज्ञानं तर खाली विचारलं होतं की एवढी असाधारण भूक लशीमुळे लागली असावी का.

हसून झाल्यावर मी मॉनिटरला फोन लावला. मॉनिटर म्हणजे आमचे कागद तपासायला येणारा कंपनीचा माणूस, नेहमी इस्त्रीचा शर्ट, कधीही स्वतःचं मत नाही. त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आय अंडरस्टँड. पण सिस्टिममध्ये हाय आहे." मी म्हटलं, अहो, मराठीत हाय म्हणजे आहे. तो म्हणाला, "मराठीत तर आहे म्हणजे आहे ना?" आता याला ठाणे जिल्हा कुठून समजावू? शेवटी तो म्हणाला, मुदत संपायच्या आत नवं रीडिंग पाठवा, नाहीतर डोस हुकला असं धरलं जाईल. म्हणजे दुसरा. म्हणजे बायजाबाई बाहेर.

दोन दिवस सुनेचा फोन लागेना. मी बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि निघाले. अंबाडी नाक्यापर्यंत जीप, पुढे मोटारसायकलवाल्याच्या मागे, शेवटचा चढ पायी, या गुडघ्यांनी. फक्त कागदांचं काम. पाड्यावर सून म्हणाली, सासू फाट्यांना गेली. फाटी म्हणजे सरपण. थोड्या वेळानं गंभीर प्रकृतीची बायजाबाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उतारानं येताना दिसली. मला बघून तिनं मोळी टाकली आणि आधी पाणी दिलं.

तिला पाऊण तास नुसतं बसवलं, मग मशीन लावलं. एकशे सव्वीस, ऐंशी. माझं घेतलं असतं तर मशीन फुटलं असतं. आता हे पाठवायला रेंज नाही. पाड्याच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड आहे, त्यावर उभं राहिलं की रेंज येते म्हणे, आठवड्याचा तो फोनही बायजाबाई तिथंच घ्यायची. चढले. फोटो पाठवला, मॉनिटरला फोन केला. तो म्हणाला, मशीनचं प्रमाणपत्रही लागेल. मग मी त्या दगडावर उभी राहून, एक हात झाडाच्या फांदीला, जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. सुरुवात दमदाटीनं झाली आणि शेवट विनवण्यांवर, एवढं सांगते. "सर, प्लीज" असं मी आयुष्यात कुणाला इतक्या वेळा म्हटलेलं नाही. डोसवरची बंदी उठली. दुसऱ्या दिवशी बायजाबाईला तो मिळाला, डाव्या हातात.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. कंपनीनं लेखी कळवलं: विषयास योग्य प्रतिसादाचे प्रशिक्षण द्यावे. मी दिलं. बायजाबाईला समोर बसवलं आणि म्हटलं, "मावशी, आजपासून 'हाय' शब्द बंद. फोन आला की सरळ म्हणायचं, 'नाही, काही त्रास नाही.' म्हणा बघू."

"न्हाय, काय तरास न्हाय."

"नाही."

"नाही," ती म्हणाली, शाळेतल्या मुलीसारखी मान ताठ करून. "काही त्रास नाही."

मी तिच्याकडून ते पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. खरा त्रास झाला तर मात्र सांगायचं, हेही म्हटलं असेन. म्हटलंच असेन. पण ते मी म्हणवून घेतलं नाही.

त्यानंतर सगळं कसं छान चाललं. महिन्याचे डोस संपले, पुढचे तीन-तीन महिन्यांनी. त्याच वेळी स्कॅन. मधल्या काळात नुसते फोन. बायजाबाईचे फोन म्हणजे स्वच्छ, एकही लाल अक्षर नाही. मॉनिटर म्हणाला, तुमच्या केंद्राचा डेटा फार सुंदर आहे. आम्हाला प्रशस्तिपत्र आलं. डॉक्टरांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि मी रोज येता-जाता त्याच्याकडे बघायचे. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

असंच एका तिमाहीला ती आली. मी वजन घेतलं, मागच्यापेक्षा जास्त. "मावशी, सुनेनं खायला घातलेलं दिसतंय," मी म्हटलं. तिनं पदर पोटावरून ओढून घेतला. तिला टेबलावर चढायला हात दिला, तेव्हा बघितलं, ती एरवी घट्ट कासोटा घालायची, आज लुगडं नुसतं सैल गुंडाळलेलं. मला तिथंच समजलं. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला पोटात पाणी झालेलं कळायला स्कॅन लागत नाही. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, बोटांनी वाजवून बघितलं, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"किती दिवसांपासून?" त्यांनी तिला विचारलं.

"पाच हप्तं झालं."

"मग फोनवर सांगितलं नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "बायनं शिकवलं तसं सांगितलं."

पाच आठवडे, पाच फोन. मी नंतर बसून सगळी रेकॉर्डिंगं ऐकली. प्रत्येक वेळी तेच, मान ताठ करून म्हटलेलं, शुद्ध पुस्तकी मराठीत. नाही. काही त्रास नाही. फोन करणारा म्हणतो, थँक यू मॅडम.

स्कॅनमध्ये आजार होता. चाचणीतून ती बाहेर पडली, नियमाप्रमाणे. किमो पुन्हा सुरू झाली. मी डॉक्टरांना विचारलं, पाच आठवडे आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता, सिस्टर. ते भले गृहस्थ आहेत. म्हणून मला त्यांचं ते उत्तर खरं धरवत नाही.

मॉनिटर आला. तो म्हणाला, रिपोर्टमध्ये एक ओळ घाला, "विषयाने लक्षणे कळवली नाहीत." एवढ्यात भागलं असतं. सगळा दोष विषयाच्या माथी, आणि विषयाला वाचता येत नाही. पण मी आधी सांगितलंय ना, सगळं शास्त्र त्या तारखेवर उभं. तिला लस मिळत होती की पाणी, मला माहीत नाही, आजही नाही. जर लस असेल, तर माझ्या शिकवणीमुळे आजाराची तारीख उशिराची पडून ती लस पाच आठवडे जास्त गुणी ठरली असती. उद्या कुणी दुसऱ्या बाईला तो आकडा दाखवून आशा लावली असती. म्हणून मी सरळ लिहिलं की सहभागी महिलेला "त्रास नाही" म्हणायला समन्वयकाने, म्हणजे मी, शिकवले. तिने लक्षणे पाच आठवड्यांपूर्वीची असल्याचे स्वतः सांगितले आहे. खाली सही आणि तारीख.

"मॅडम, असं कुणी लिहितं का?" मॉनिटर म्हणाला. त्याचं ते पहिलंच स्वतःचं मत. मी तो कागद बदलला नाही. यात शौर्य काही नव्हतं, नुसती शरम होती. चौकशी झाली, प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरलं, तिथं खिळा तेवढा राहिला. मला चाचण्यांच्या कामातून काढून स्टोअरमध्ये हातमोजे मोजायला बसवलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेवढे मोजले.

बायजाबाई गेली त्याला आता वर्ष होईल. किमो तिला या वेळी मानवली नाही. शेवटी शेवटी ती पाड्यावरच होती, आणि एका रविवारी मी तिला भेटायला गेले. कंपनीचा कागद नाही, मशीन नाही. ती अंगणात गोधडीवर बसली होती, पाय पसरून, पोटाला टेकू देऊन. सुनेनं कोरा चहा आणून दिला. मला जे बोलायचं होतं ते मी जीपमध्ये बसून घोकलं होतं, तरी धड जमलं नाही.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुम्हाला नाही म्हणायला शिकवलं. म्हणून तुम्ही त्रास झाला तरी बोलला नाहीत."

ती म्हणाली, "येवढी याडी न्हाय मी. पोट फुगलं तवाच मना कललं. पयल्या बारीला पन असंच फुगलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्या दिसी वर दगडावर उभी र्‍हाऊन तुज्या सायबाच्या किती पाया पडत होतीस. खाली सगलं आयकू येत होतं." तिनं श्वास घेतला, पुन्हा बोलायला तिला थांबावं लागायचं. "मना वाटलं, परत माज्याच पायी काय झालं तं ते तुला काढतील. माजं तं जानारच होतं. तुजं कशाला घालवू?"

मी तिच्यासाठी दगडावर चढले असं मी कितीजणींना फुशारकीनं सांगितलं होतं. मी रडायला लागले, चांगली मोठ्यानं, सून दारात येऊन बघायला लागली एवढी. बायजाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हाय ना पन नोकरी?" तिनं विचारलं. "तुज्याच टेबलावर बसतेस ना?"

मला स्टोअरमध्ये टाकून तेव्हा दीड महिना झाला होता.

"आहे, मावशी," मी म्हटलं. "तिथंच बसते."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि सुनेला म्हणाली की बायला घावन दे, लांबून आलीय.